यादवी आणि निभावणे : ‘माझा प्रवास’च्या निमित्ताने

१

अंतर्गत युद्धाला मराठीत ‘यादवी’ असे म्हणतात. शब्दाचे मूळ महाभारताच्या मौसलपर्वात आहे. प्रभासक्षेत्री मद्याने बेभान झालेले यादव जुनी उणीदुणी काढतात, शब्दाने शब्द वाढतो आणि समुद्रकाठच्या एरका गवताची पाती उपटून ते परस्परांवर धावतात. त्या पात्यांची मुसळे होतात. कुळाचा कुळाच्याच हातून झालेला हा नाश मराठी भाषेने एका शब्दात साठवला. ऐतिहासिक लेखनात, राजकीय भाषणांत आणि रोजच्या बोलण्यातही ‘यादवी माजली’ असे म्हटले जाते तेव्हा डोळ्यांपुढे येतात ते लढणारे.

मौसलपर्व मात्र लढणाऱ्यांच्या मृत्यूपाशी थांबत नाही. अर्जुन द्वारकेत येतो, मागे उरलेल्या स्त्रिया, मुले आणि वृद्ध यांना बरोबर घेऊन इंद्रप्रस्थाकडे निघतो. वाटेत पंचनद प्रदेशात आभीर लाठ्याकाठ्या घेऊन या तांड्यावर तुटून पडतात. गांडीवाला प्रत्यंचा चढवणे अर्जुनाला जड जाते, अस्त्रे आठवत नाहीत, अक्षय म्हणून ख्यात असलेले बाण संपतात. त्याच्या डोळ्यांदेखत स्त्रियांना ओढून नेले जाते. काही स्त्रिया आपणहून गेल्या असेही पर्व सांगते आणि त्याबद्दल बऱ्यावाईटाचा निवाडा न करता पुढे सरकते. यादवीच्या कथेचा हा उत्तरार्ध आहे. युद्धाशी ज्यांचा कर्तेपणाने काही संबंध नाही अशी माणसे त्यात रस्त्यावर आहेत, आणि ज्यांनी रक्षण करावे त्यांचे सामर्थ्य नेमके त्याच वेळी संपलेले आहे.

मराठी शब्दाने कथेचा पूर्वार्ध घेतला आणि उत्तरार्ध सोडला. ही निवड केवळ भाषिक योगायोग मानता येणार नाही. यादवीचा नैतिक विचार करताना ‘कोणाची बाजू न्यायाची होती’ हा प्रश्न अग्रभागी येतो. ‘ज्यांना बाजू नव्हती, किंवा बाजू घेण्याची सवड नव्हती, त्यांनी त्या काळात कसे वागावे आणि त्यांच्या वागण्याला कोणत्या मापाने मोजावे’ हा प्रश्न मागे राहतो. दुसऱ्या प्रश्नाला स्वतंत्र नैतिक आशय आहे काय, की ती केवळ जीव वाचवण्याची हकिगत आहे? मराठी वाङ्मयात या प्रश्नाचा विचार करण्यासाठी विष्णुभट गोडसे यांच्या ‘माझा प्रवास’इतकी समर्थ संहिता क्वचितच सापडेल. त्या संहितेकडे वळण्याआधी ती ज्या कोकणी भूमीतून निघाली तिचा यादवीशी असलेला संबंध पाहणे आवश्यक आहे.

२

आजच्या रत्नागिरी जिल्ह्यातील हर्णै येथे समुद्रात सुवर्णदुर्ग उभा आहे. १८०१ साली पुण्यात विठोजी होळकराला हत्तीच्या पायी देण्यात आले. त्याचा भाऊ यशवंतराव पुढच्या वर्षी पुण्यावर चालून आला आणि २५ ऑक्टोबर १८०२ रोजी हडपसरच्या लढाईत त्याने पेशवे व शिंदे यांच्या फौजांचा पराभव केला. दुसरा बाजीराव पुणे सोडून घाट उतरला, महाडमार्गे सुवर्णदुर्गाच्या आश्रयाला आला आणि तेथून समुद्रमार्गे वसईस गेला. ३१ डिसेंबर १८०२ चा वसईचा तह हा त्या पलायनाचा शेवट होय. मराठी राज्याच्या अस्ताची चर्चा या तहापासून सुरू होते. परंतु त्याच यादवीची दुसरी निष्पत्ती १८०३-०४ चा दख्खनमधील दुष्काळ ही आहे. होळकरांच्या व पेंढाऱ्यांच्या फौजांनी उभी पिके चारली, साठवणीचे धान्य लुटले, आणि पावसाने ओढ दिली तेव्हा गावांपाशी शिल्लक काही नव्हते. पेशव्यासाठी सुवर्णदुर्ग होता, जहाज होते, तह करायला इंग्रज होते. कुणब्यासाठी यांपैकी काहीच नव्हते. एकाच घटनेचे हे दोन अनुभव केवळ कमीअधिक तीव्रतेचे नाहीत; त्यांचा काळही वेगळा आहे. राज्यकर्त्याची यादवी तहाने संपते, आणि शेतकऱ्याची यादवी पुढचे पीक हाती येईपर्यंत चालू राहते.

१८५७-५८ चा प्रसंग अधिक गुंतागुंतीचा आहे. त्याला ‘बंड’ म्हणावे की ‘स्वातंत्र्यसमर’, हा वाद जुना आहे. आणि परकीय सत्तेविरुद्धचा उठाव हा त्याचा गाभा नाकारण्याचे कारण नाही. तथापि जमिनीच्या पातळीवर त्या उठावात यादवीचे अनेक पदर मिसळलेले होते. १८५७ च्या उत्तरार्धात झाशीवर पहिली चाल करून आले ते शेजारच्या ओर्च्छा आणि दतिया संस्थानांचे सैन्य. राणी लक्ष्मीबाई त्या वेळी कंपनीच्या वतीनेच राज्यकारभार पाहत होती. ग्वाल्हेरीस १ जून १८५८ रोजी शिंद्यांची फौज बंडवाल्यांना जाऊन मिळाली आणि जयाजीराव शिंदे यांना आपल्याच सैन्यापुढून आग्र्याकडे पळावे लागले.

या सर्व पटावर रत्नागिरीची माणसे विखुरलेली दिसतात, आणि ती एका बाजूला नाहीत. झाशीचे नेवाळकर घराणे मूळचे लांजे तालुक्यातील कोट गावचे. ग्वाल्हेरचे दिवाण दिनकरराव राजवाडे देवरुखचे. शिंद्यांना इंग्रजांच्या पक्षात राखण्याचे श्रेय किंवा दोष त्यांच्याकडे जातो. झाशीला वेढा घालणाऱ्या सर ह्यू रोझच्या सैन्यात मुंबई इलाख्याच्या २४ व्या आणि २५ व्या पलटणी होत्या, आणि मुंबईच्या पायदळात कोकणातील मराठे व महार यांची भरती हा जुना प्रघात होता. झाशीच्या तटाच्या आत कोकणी सत्ताधारी आणि कोकणी भिक्षुक, तटाच्या बाहेर कोकणी शिपाई, अशी ही स्थिती होती. त्यांतील बहुतेकांना तेथे आणणारे कारणही समान होते. रत्नागिरीच्या कातळावर घराचे पोट भरत नाही. दौलत, दिवाणगिरी, पलटण किंवा दक्षिणा, काही ना काही मिळवण्यासाठी घाट चढावा लागतो. या परिस्थितीत ‘रत्नागिरी कोणत्या बाजूला होती’ हा प्रश्न विचारता येत नाही. घराबाहेर पडलेला प्रत्येक जण ज्या आश्रयाला पोचला त्याची बाजू त्याला चिकटली.

३

विष्णुभट गोडसे रत्नागिरीचे नव्हेत, पेणजवळच्या वरसईचे. पण कोकणातून बाहेर पडण्याचे त्यांचे कारण वर सांगितलेलेच आहे. घरावर कर्ज होते. बायजाबाई शिंदे मोठा यज्ञ करणार आणि दक्षिणा भरघोस वाटणार, अशी वार्ता आली. १८५७ साली विष्णुभट आपल्या काकांसह उत्तरेकडे निघाले. महूच्या छावणीपाशी शिपायांकडून येणाऱ्या गडबडीची कुणकुण लागली, तरी मागे फिरणे त्यांना परवडणारे नव्हते. पुढे ग्वाल्हेर, झाशी, काल्पी, चित्रकूट, ब्रह्मावर्त, लखनौ, अयोध्या, काशी असा प्रवास होऊन ते परत आले. ही हकिगत त्यांनी सुमारे पाव शतकानंतर, १८८३ च्या आसपास, चिंतामण विनायक वैद्य यांच्या आग्रहावरून लिहिली. लेखकाच्या हयातीत ती छापली गेली नाही. वैद्यांनी संस्कार करून १९०७ साली ती प्रसिद्ध केली, आणि मूळ हस्तलिखिताप्रमाणे असलेली आवृत्ती दत्तो वामन पोतदार यांच्या संपादनाने १९६६ साली आली.

या पुस्तकाचे वाचन दोन रूढ मार्गांनी झाले आहे. पहिला मार्ग इतिहासाच्या साधनाचा : वेढ्याचे तपशील, राणीची दिनचर्या, तारखा, अंतरे. दुसरा मार्ग राष्ट्रीय स्मृतीचा : भटजींना राणीबद्दल वाटणारा आदर आणि झाशीच्या कत्तलीचे वर्णन यांतून त्यांची ‘बाजू’ सिद्ध करणे. या दुसऱ्या वाचनावर १९०९ साली प्रसिद्ध झालेल्या विनायक दामोदर सावरकरांच्या १८५७ विषयक ग्रंथाची छाया पडलेली आहे. त्या ग्रंथावर १९४६ पर्यंत बंदी होती, आणि त्याचा लेखक १९२४ ते १९३७ रत्नागिरीत स्थानबद्ध होता. दोन वर्षांच्या अंतराने प्रसिद्ध झालेल्या या दोन पुस्तकांत एकच युद्ध आहे. सावरकरांच्या ग्रंथात माणसे युद्धाकडे जातात. गोडसे यांच्या पुस्तकात युद्ध माणसांकडे येते. पहिल्याचे नीतिशास्त्र निवडीचे आहे. दुसऱ्याचे कशाचे, हा प्रस्तुत विवेचनाचा विषय आहे.

झाशीच्या वेढ्याचा भाग या दृष्टीने पाहण्यासारखा आहे. २१ मार्च १८५८ रोजी रोझ झाशीपुढे आला, १ एप्रिलला बेतवेकाठी तात्या टोपे यांच्या मदतीस आलेल्या फौजेचा मोड झाला, ३ एप्रिलला इंग्रज शहरात शिरले आणि पाठोपाठ राणी रात्री किल्ल्यातून निघून गेली. त्यानंतर शहरात जे घडले त्याचे वर्णन विष्णुभट लपलेल्या माणसाच्या जागेवरून करतात. या जागेवरून रणनीती दिसत नाही. दिसते ते गल्लीतले, ऐकू येते ते शेजारच्या घरातले. पाण्यासाठीची तडफड, हाती सापडलेल्या पुरुषांची कत्तल, जळती घरे, रीतीप्रमाणे अंत्यसंस्कार न मिळालेली प्रेते हे सारे त्या मर्यादित दृष्टिक्षेत्रात येते. लुटीचा क्रमही त्यांनी नोंदला आहे : आधी सोने-चांदी, मग तांब्यापितळेची भांडी व कापड, मग धान्य. किमतीच्या उतरत्या क्रमाने घर रिकामे होत जाते. राजवाड्यातील ग्रंथसंग्रहाच्या नाशाची त्यांची खंतही याच सुरात येते. धान्य आणि पोथी यांच्या हानीला एकाच यादीत स्थान देणारी ही दृष्टी भिक्षुकाची आहे. त्याच्या लेखी दोन्ही उपजीविकेच्या आणि जगण्याच्या वस्तू आहेत.

थुसिडिडीजने ख्रिस्तपूर्व ४२७ मधील कॉर्सिराच्या यादवीचे वर्णन करताना शब्दांचे नेहमीचे अर्थ पालटल्याचे सांगितले आहे : अविचाराला शौर्य आणि संयमाला भ्याडपणा म्हटले जाऊ लागले. यादवीत भाषेचीही पडझड होते, हे त्याचे निरीक्षण मार्मिक आहे. ‘माझा प्रवास’मध्ये मात्र ही पडझड फारशी जाणवत नाही. स्नान, संध्या, भिक्षा, दक्षिणा, तीर्थ, ऋण हे शब्द झाशीच्या आधी ज्या अर्थाने येतात त्याच अर्थाने झाशीच्या नंतरही येतात. बाजू घेणाऱ्यांच्या शब्दांचे अर्थ पालटतात. व्रत, विधी आणि देणे यांच्याशी बांधलेल्या माणसाचे शब्द काही काळ तरी टिकून राहतात.

या टिकण्याला कोणते नाव द्यावे? ‘तगणे’ हा शब्द केवळ जिवंत राहण्याचा आहे. ‘सोसणे’ यात दुःखाचा भार आहे, पण कृती नाही. ‘निभावणे’ हा शब्द येथे अधिक उपयोगी आहे, कारण त्याला दोन अंगे आहेत. ‘निभाव लागणे’ म्हणजे संकटातून कसेबसे पार पडणे. ‘शब्द निभावणे’ म्हणजे पत्करलेले देणे पुरे करणे. सामान्य माणसाच्या बाबतीत ही दोन अंगे वेगळी करता येत नाहीत. तो पार पडतो ते कोणाचे तरी देणे लागतो म्हणून. आणि देणे पुरे करायचे तर आधी पार पडावे लागते.

‘माझा प्रवास’ची रचनाच या अर्थावर उभी आहे. पुस्तकाचा आरंभ पैशाच्या कर्जाने होतो. मिळालेली दक्षिणा लुटीत जाते, पुन्हा मिळते आणि पुन्हा जाते. ज्या ऋणासाठी घर सोडले ते फेडण्याचा हेतू विफल होतो. पण विष्णुभट कावडीने गंगा घेऊन घरी येतात आणि आईवडिलांना त्या पाण्याने स्नान घालतात. सावकाराचे ऋण राहते, पितृऋणाचा अंश फिटतो. युद्धाने एका हिशेबाची वही फाडली तेव्हा दुसऱ्या, अधिक जुन्या वहीत जमा दाखवून हा माणूस परतला. राष्ट्राच्या इतिहासात या कावडीला स्थान नाही. तथापि शेकडो कोस, शस्त्रांनी भरलेल्या मुलखातून, ती सांडू न देता आणणे ही नैतिक कृती नव्हे असे म्हणायचे असेल, तर ‘नैतिक’ या शब्दाची व्याप्ती फार आक्रसून घ्यावी लागेल.

त्स्वेतान तोदोरोव यांनी १९९१ साली छळछावण्यांतील नैतिक जीवनावर लिहिताना वीरोचित सद्गुण आणि रोजचे सद्गुण असा भेद केला. वीरोचित सद्गुण ध्येयासाठी प्राण देतात. रोजचे सद्गुण एखाद्या विशिष्ट माणसासाठी असतात. आत्मप्रतिष्ठा आणि काळजी यांचा समावेश त्यांनी दुसऱ्या प्रकारात केला. हा भेद ‘माझा प्रवास’ला बराचसा लागू पडतो. मात्र तोदोरोव यांच्या विवेचनात मध्यवर्ती आहे ती व्यक्ती. विष्णुभटांचे निभावणे परंपरेने आखून दिलेल्या कर्तव्यांतून येते. ते त्यांचे बळ आहे, आणि पुढे दिसेल त्याप्रमाणे ती त्यांची मर्यादाही आहे.

४

निभावण्याच्या नीतीवर तीन आक्षेप संभवतात, आणि तिन्ही गंभीर आहेत.

पहिला आक्षेप असा की, निभावणे हे अन्यायापुढे मान तुकवण्याचे सभ्य नाव आहे. प्रत्येकाने आपापले देणे निभावले तर जुलमी सत्ता निर्वेधपणे चालेल. याला काल्पीच्या वाटेवरील विहिरीचा प्रसंग अंशतः उत्तर देतो. पराभवानंतर धुळीने माखलेली, तहानलेली राणी तेथे विष्णुभटांना भेटते. ते पाणी शेंदून देऊ पाहतात. विद्वान ब्राह्मणाने आपल्यासाठी पाणी काढू नये असे म्हणून ती स्वतः पाणी शेंदते. या प्रसंगात युद्धाची निवड केलेली व्यक्ती आणि युद्धात सापडलेली व्यक्ती समोरासमोर आहेत. ती त्याला युद्धात ओढत नाही, तो तिला उपदेश करत नाही. दोघेही आपापली मर्यादा सांभाळतात. वीराची नीती आणि सामान्याची नीती परस्परांना खोडून काढत नाहीत, एवढे तरी येथे दिसते. परंतु आक्षेप त्याने पूर्णतः मिटत नाही. निभावणारा माणूस सत्तेशी झुंजत नाही, ही वस्तुस्थिती राहतेच.

दुसरा आक्षेप निभावण्याच्या साधनांविषयी आहे. त्याच विहिरीच्या प्रसंगात राज्य गेले, सैन्य गेले, पण कोणी कोणासाठी पाणी काढावे याचा दंडक शाबूत आहे. विष्णुभटांना अनोळखी गावांत अन्न, आसरा आणि पुन्हा दक्षिणा मिळते ती त्यांच्या वर्णामुळे. लुटला गेलेला ब्राह्मण पुन्हा भिक्षुक म्हणून उभा राहू शकतो. कारण त्याची विद्या आणि जात लुटून नेता येत नाही. झाशीतला कोष्टी माग जळाल्यावर कशाच्या आधारे उभा राहिला असेल? ज्या स्त्रीच्या घरातला पुरुष मारला गेला तिचा निभाव कसा लागला असेल? हे प्रश्न संहितेत विचारले जात नाहीत. मौसलपर्वातील आपणहून गेलेल्या स्त्रिया येथे आठवतात. रक्षणकर्ता हतबल झाल्यावर त्यांनी जे केले त्याला पतन म्हणावे की निभावणे, हे ठरवण्याचा अधिकार त्या वाटेवर नसलेल्याला किती आहे? सोसण्याची क्षमता समाजात समान वाटलेली नसते. म्हणून सोसणाऱ्याचा गौरव करताना, ज्यांना सोसणे शक्यच झाले नाही त्यांच्यावर नकळत दोष जाणार नाही, याची काळजी समीक्षेने घ्यावी लागते.

तिसरा आक्षेप सर्वांत अवघड आहे. तटाबाहेरचा कोकणी शिपाईही काही निभावतच होता. खाल्ल्या मिठाला जागणे ही त्याची नीती होती. त्याच्या पगारावर रत्नागिरीतले एखादे घर चालत होते. पुढील काळात निवृत्त शिपायांची वस्ती असलेल्या दापोलीच्या काँपात आणि जिल्ह्यातील असंख्य वाड्यांत पेन्शन येत राहिली. तिच्यावर मुले वाढली, काही शिकली. कर्तव्यपालनाची ही साखळी झाशीच्या गल्लीतून गेलेली आहे. भिक्षुकाची कावड आणि शिपायाचा पगार या दोहोंना ‘निभावणे’ म्हणायचे काय? शब्द तोच लावावा लागेल, कारण हेतू तोच आहे : घरच्यांचे देणे. फरक आहे तो भार कोणाच्या खांद्यावर पडला यात. विष्णुभटांनी आपले देणे बहुतांशी स्वतःच्या देहावर ओढून घेतले. शिपायाचे देणे दुसऱ्याच्या देहावरून वसूल झाले, मग त्याची इच्छा असो वा नसो. निभावण्याला नैतिक मूल्य द्यायचे तर ही कसोटी टाळता येत नाही. आणि कसोटी लावल्यावरही शिपायाला सरळ दोषी ठरवता येत नाही, कारण पलटणीबाहेर त्याला काय मिळाले असते याचे उत्तर रत्नागिरीचा कातळ देतो. यादवीचे खरे क्रौर्य येथे आहे. ती माणसांच्या दुर्गुणांना जेवढी कामाला लावते, तेवढीच त्यांच्या सद्गुणांनाही.

५

या विवेचनातून समीक्षेपुरते काही निष्कर्ष काढता येतात. यादवीत सापडलेल्या सामान्य माणसाच्या लेखनाला ‘तू कोणाचा?’ हा प्रश्न विचारणे म्हणजे वेशीवरच्या पहारेकऱ्याची भूमिका घेणे होय. तो प्रश्न विष्णुभटांसारख्या वाटसरूंना दोन्ही पक्षांनी विचारला. वाचकाने तिसऱ्यांदा विचारण्याचे कारण नाही. विचारायला हवा तो प्रश्न असा : या माणसाने काय वाहून आणले, कोणासाठी आणले, आणि त्याचा भार वाटेत कोणावर टाकला? या प्रश्नाने संहितेचे रचनातत्त्वही हाती येते आणि तिची आंधळी जागाही दिसते. ‘माझा प्रवास’ हे शीर्षकच सुचवते की लेखकाने युद्धाला आपल्या कथनाचा विषय होऊ दिले नाही. युद्ध त्याच्या यात्रेतले एक संकट राहिले. ही दृष्टीची उणीव नाही. आपल्या आयुष्याचा कर्ता युद्ध नाही, असे म्हणण्याची ती एक शांत रीत आहे.

मात्र परत आलेल्याचे पुस्तक हे परत न आलेल्यांचे पुस्तक नसते, याची जाणीव सतत राहिली पाहिजे. तटाबाहेरच्या शिपायाच्या बाजूने असे पुस्तक मराठीला लाभले नाही. झाशीच्या कोष्ट्याचे नाही, १८०३ च्या दुष्काळात गाव सोडलेल्या कुणबिणीचेही नाही. त्यांचे निभावणे झालेच नाही असे यावरून ठरत नाही. ते लिहिले गेले नाही, एवढेच ठरते. मौसलपर्वाच्या कर्त्याने पंचनदाच्या वाटेवरील त्या अनाम स्त्रियांना कथेत जागा दिली आणि त्यांचा निवाडा करण्याचे नाकारले. यादवी हा शब्द उच्चारताना तो उत्तरार्धही त्यात ऐकू यावा, एवढी भाषेकडून अपेक्षा करणे अवाजवी होणार नाही.